मडक्यातले साहेब

शामला गेली, हे डॉक्टरांनी मला टीव्हीखाली उभं राहून सांगितलं. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात बसायच्या हॉलमध्ये एकच टीव्ही होता. त्या दुपारी सगळ्या पेशंटांचे नातेवाईक उठून त्याच्यासमोर गोळा झाले होते, कारण दिल्लीत विश्वनाथजी मोहगावकर वारल्याची बातमी लागली होती. डॉक्टर म्हणाले, "काका, आम्ही खूप प्रयत्न केले," आणि बोलता बोलता एकदा वर पडद्याकडे पाहिलं. त्यांना मी दोष देत नाही. सगळेच पाहत होते. माझ्या बाजूची बाई पदर तोंडाशी धरून रडत होती. मी तिला विचारलं, "तुमचं कोन गेलं, बाई?"

"काहून, तुमाले माहीत नाही? साहेब गेले ना आपले."

"माझी बायको गेली," मी म्हटलं.

तिने हात जोडले आणि परत टीव्हीकडे वळली.

साहेब म्हणजे विश्वनाथजी. नागपूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. महाल भागातल्या एका कारकुनाचा हा मुलगा. वकील झाला, मग खासदार, मग दिल्लीत मंत्री. एकदा तर पंतप्रधान होता होता राहिले म्हणतात. उभं आयुष्य दिल्लीत काढलं आणि प्रत्येक भाषणात 'मी नागपूरच्या मातीचा' असं म्हणत राहिले. त्या दुपारी टीव्हीवरची पोरगी सांगत होती की साहेब शेवटपर्यंत कामगारांना विसरले नाहीत. मी शामलाच्या कागदांवर सह्या करत होतो. मला वाटलं, बरं झालं, हे ऐकायला ती नाही.

शामला हिंगण्याला बल्बच्या कारखान्यात होती. तयार झालेला बल्ब लावून पाहायचा, नीट पेटला तर पुढे, नाही तर बाजूच्या टोपलीत. सगळ्या बाया होत्या त्या खात्यात. मी तिकडेच दुसऱ्या कारखान्यात फिटर होतो, म्हणून आमची जाण्यायेण्याची मोटरसायकल एकच. तीसेक वर्षांपूर्वी त्यांचा कारखाना बंद होणार अशी हवा उठली. राखीच्या दिवशी साहेब गेटवर आले. टेबलावर उभे राहिले. बायांनी राख्या बांधायला सुरुवात केली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भरला. शामलाने बांधली ती कोपराजवळ. साहेबांनी तो हात वर केला आणि म्हणाले, "हा कारखाना बंद करायचा असेल तर आधी माझ्या हाताच्या राख्या तोडाव्या लागतील." बाया रडल्या. पेपरात फोटो आला. शामला त्यात अर्धी दिसते.

दिवाळीच्या आधी कारखाना बंद झाला. बाया साहेबांच्या बंगल्यावर गेल्या तर ते मागच्या दाराने निघून गेले होते. पुढे त्या जागेवर त्यांच्या ट्रस्टचं इंजिनीअरिंग कॉलेज उभं राहिलं.

शामलाने कधी शिवी दिली नाही. साहेब टीव्हीवर दिसले की उठायची. "आला माझा भाऊ. मी भाताचं पाहते," म्हणायची, आणि बातम्या संपेपर्यंत बाहेर यायची नाही. आमच्या वंदनाचा नंबर त्याच कॉलेजात लागला होता. तिथे फक्त नाव टाकायचं बाकी होतं. शामला म्हणाली, "पोरगी घरी बसली तरी चालंल, पन त्या गेटातून जाणार नाही." वंदना मग अमरावतीला शिकली. त्या कॉलेजवरून जाणाऱ्या रस्त्याने मला मोटरसायकल नेता यायची नाही. लांबून वळसा घ्यावा लागायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "पेट्रोल काय तुझा भाऊ टाकते का वं?" तर ती उतरली आणि पायी चालायला लागली. असा तिचा राग होता. मी तो मान्य केला होता. आता तो माझाच झाला आहे.

वंदना इंदूरला असते. तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. अग्नी मीच दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या. वंदना फोनवर म्हणाली, "बाबा, विसर्जनाला तरी मले थांबा. आठवड्यात प्लास्टर निघून राहिलं." शामलाचं माहेर कन्हानच्या काठचं. तिची आई, तिचा बाप, दोघंही त्याच घाटावरून नदीत गेले. तिलाही तिथेच जायचं होतं. दवाखान्यात असताना तिने दुसरं काही मागितलं नाही. "मले कन्हानले नेजा," एवढंच.

अस्थी घरात आणत नाहीत. नागपूरच्या दहनघाटावर एक खोली आहे, तिथे भिंतीला आकडे ठोकले आहेत. ज्यांना थांबायचं असतं ते तिथे टांगून ठेवतात. सगळ्यांची मडकीच असतात. मला मात्र शामलाला मडक्यात ठेववेना. तिची माहेरची एक तांब्याची गुंडी होती, पाणी भरायची. गळ्याशी पोचा पडलेली. मी ती चिंचेने घासली. अशी घासली की शामलानेही नावं ठेवली नसती. त्यात अस्थी ठेवल्या, तोंडाला तिच्या हिरव्या पातळाची पट्टी बांधली आणि खोलीतल्या आकड्याला अडकवली. खोली सांभाळणारा धर्मेंद्र म्हणाला, "काकाजी, गुंडी चांगली आहे, कोनी चोरून नेईल."

"अस्थी कोन चोरते बे?" मी म्हटलं.

त्या आठवड्यात साहेबांच्या अस्थींची मडकी दिल्लीहून जागोजागी गेली. नागपूरचं विमानाने आलं. मी टीव्ही लावत नव्हतो. पण शेजारचा अश्विन त्याच्या मोबाइलवर काहीतरी पाहत व्हरांड्यात बसला होता आणि मी त्याला चहा द्यायला गेलो, तेव्हा दिसलं. कळमेश्वरच्या रस्त्यावर फुलांनी सजवलेला ट्रक. ट्रकवर साहेबांचा मोठा फोटो. फोटोखाली लाल मखमलीवर अस्थिकलश. आणि तो कलश शामलाची गुंडी होती.

अश्विन म्हणाला, "काका, सारख्या गुंड्या असतात."

"सारखा पोचा असते का?" मी म्हटलं. "अन् हे पातळ?"

त्याने चित्र मोठं केलं. हिरवी पट्टी, मी मारलेली गाठ. चहा मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

घाटावर धर्मेंद्र मला पाहून उठला आणि खोलीच्या दारात आडवा उभा राहिला. "काकाजी, माझी काही चूक नाही. मी तं होतोच नाही." त्याला बाजूला करून मी आत गेलो. माझ्या आकड्यावर काही नव्हतं. त्याच्या शेजारच्या आकड्यावर एक लहानसं मातीचं मडकं लटकत होतं, पांढऱ्या फडक्यात. फडक्यावर लाखेचा ठसा आणि कागदाची पट्टी. पट्टीवर हिंदीत लिहिलेलं, स्वर्गीय विश्वनाथजी, नागपूर.

धर्मेंद्रने जे सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी मडकं विमानतळावर आलं. फोटो निघाले, घोषणा झाल्या. मग प्रश्न आला की रात्रभर ठेवायचं कुठे. पक्षाचे शहराध्यक्ष भैयाजी. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत नुकतीच झालेली, अस्थी कशा नेणार. दुसऱ्याच्या घरी मुलीचं लग्न. तिसऱ्याची आई आजारी. पक्षाच्या ऑफिसात म्हणे उमेदवारीच्या मुलाखती लागणार होत्या, तिथे सुतक नको. साहेबांसाठी दिवसभर टीव्हीवर रडलेल्या लोकांत एकही असा निघाला नाही की ज्याच्या छपराखाली साहेबांना रात्र काढता येईल. शेवटी घाटावर आणून टांगलं. ज्यांनी टांगलं ते घरी जाऊन आंघोळ करून झोपले.

सकाळी न्यायला दुसरेच आले. भैयाजींचा पुतण्या अंकित, युवा आघाडीचा अध्यक्ष, आणि त्याची पोरं. धर्मेंद्र तेव्हा चहाला गेला होता. त्यांनी खोलीत पाहिलं. एकीकडे ओळीने मातीची मडकी. एकीकडे चकाकणारी तांब्याची गुंडी. इतका मोठा माणूस, मंत्री राहिलेला, मडक्यात कसा असेल? कोणी पट्टी वाचली नाही. अस्थींना जास्त वेळ हात लावायचा नव्हता. त्यांनी गुंडी उचलली.

"मी आल्यावर पाहिलं तं ट्रक गेलता," धर्मेंद्र म्हणाला. "मी अंकितभाऊले फोन केला. थे मने, धर्मेंद्र, तू गांजा पेऊन राहिला का बे?"

मी मडकं तिथेच राहू दिलं आणि मोटरसायकल कळमेश्वरला घेतली. बसस्टँडजवळ ट्रक थांबलेला. लोकांची रांग लागलेली, बाया, म्हातारे, शाळेची पोरं. एकेक जण वर चढून गुंडीवर फूल टाकत होता, डोकं टेकवत होता. मी रांगेत उभा राहिलो नाही. सरळ मागून चढलो आणि गुंडीला दोन्ही हातांनी धरलं. पोच्यावर माझा अंगठा बसला. मग मला काय झालं सांगता येत नाही. शामला गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तिथे रडलो. मोठ्याने. "शामले," म्हणत होतो, पण लाऊडस्पीकरवर भजन लागलेलं, कोणाला ऐकू गेलं नसावं. अंकितने मला मागून कवेत धरलं आणि कानात म्हणाला, "काका, आवरा. सगळ्यांलेच दुःख आहे."

"हे माझी बायको आहे," मी म्हटलं.

"हो काका. साहेब सगळ्यांचेच मायबाप होते."

कॅमेरा समोर होता. संध्याकाळी ते टीव्हीवर दाखवलं. खाली लिहून आलं, साहेबांच्या जुन्या कार्यकर्त्याचा हंबरडा. वंदनाने इंदूरला पाहिलं. तिने फोन केला. "बाबा, तुमी त्या मानसासाठी रडून राहिले? आई गेली अन् तुमी त्याच्यासाठी?" तिला सगळं सांगेपर्यंत ती माझ्याशी धड बोलत नव्हती.

पण त्या दिवशी ट्रकवर मी आणखी एक गोष्ट पाहिली. फुलांच्या मागे स्टीलच्या लहान डब्या ठेवल्या होत्या, एकेका तालुक्याचं नाव लिहिलेल्या. आधीच्या थांब्यावर एक भरून दिली होती. चमच्याने. कळमेश्वरच्या डबीत माझ्यासमोर अंकितने गुंडीतून चमचा घातला. मी त्याचा हात धरला तेव्हा दोघांनी मला खाली उतरवलं. प्रेमाने उतरवलं. एकाने पाण्याची बाटलीसुद्धा दिली.

दुसऱ्या दिवशी मी भैयाजींच्या घरी गेलो. धर्मेंद्रला सोबत नेलं. भैयाजी माझ्याच वयाचे. एकेकाळी आमच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे, म्हणून मला नावाने ओळखतात. त्यांनी सगळं ऐकलं. धर्मेंद्रला दोन-तीन प्रश्न विचारले. मग अंकितला बोलावलं आणि त्याच्या कानाखाली मारली. माझ्यासमोर. मला वाटलं, काम झालं.

"वामनराव," भैयाजी म्हणाले, "चूक झाली. या गाढवानं केली. पन आता सांगा, काय करू जी मी?"

"गुंडी द्या. मडकं घ्या."

"अन् तालुक्यात गेलं ते? पाच तालुक्यांत वाटप झालं. दोघांनी तं नदीत सोडलं पन. काटोलवाले तं ते देवळामागं पुरून त्याच्यावर तुळस लावून राहिले. मी काय एकेकाले फोन करून सांगू, का बावा, तुमी कोन्या बाईले..." ते थांबले.

"शामला नाव होतं तिचं."

"शामलावहिनीले. हो. असं कसं सांगू?"

"मले उरलेली द्या. गुंडीत आहे तेवढी द्या."

"गुंडी रविवारी हिंगण्याले लागते. साहेबांचा पुतळा बसून राहिला ना कॉलेजात. पायाखाली कलश ठेवायचा आहे. मंत्री येऊन राहिले."

हिंगण्याच्या कॉलेजात. मी विचारलं, "कोन्या कॉलेजात?" जसं काही दुसरंही कॉलेज असू शकतं.

भैयाजींना कळलं. बल्ब कारखान्याच्या बाया बंगल्यावर गेल्या होत्या तेव्हा गेटवर त्यांना अडवायला हेच उभे होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पाहा वामनराव, गेलेला मानूस गेला. राख राख असते. तुमी म्हणाल तं पुतळ्यासमोर बाग होऊन राहिली, तिथं एका बाकावर वहिनींचं नाव टाकू. संगमरवरी अक्षरात."

"बाक काहून?" मी म्हटलं. "पुतळ्याखालीच टाका ना नाव. ती तिथंच राहणार हाय तं."

"तुमी रागात बोलून राहिले."

"हो. रागातच बोलून राहिलो."

बाहेर आल्यावर धर्मेंद्र म्हणाला, "काकाजी, मले आता घरी जाऊ द्या." मी त्याला जाऊ दिलं. घाटावर जाऊन पांढरं फडकं बांधलेलं मडकं काढलं आणि मोटरसायकलच्या डिकीत ठेवलं. घरात नाही आणलं. साहेबांचंही मी तेवढं सुतक पाळलं.

साहेबांची मुलगी रितिका शनिवारी आली. वडिलांच्या जागेवर पोटनिवडणुकीला तीच उभी राहणार होती. सिव्हिल लाइन्समध्ये उतरली होती. भेटायला येणाऱ्यांची रांग होती. टीव्हीवर रडलेला म्हातारा म्हणून मला पुढे सोडलं. पिशवीत मडकं आहे हे कोणी पाहिलं नाही. मी तिला म्हटलं, मला एकट्याने बोलायचं आहे. ती पन्नाशीची असेल, दमलेली दिसत होती. आतल्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर शामलाची गुंडी ठेवली होती. तोंडावर झाकण, झाकणावर लाख. हिरवी पट्टी काढून टाकली होती. त्या जागी पक्षाचं फडकं होतं.

मी पिशवीतून मडकं काढून गुंडीच्या शेजारी ठेवलं.

ती मडक्याकडे पाहत राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती जवळ आली आणि लाखेच्या ठशावर बोट ठेवलं. "ये मैंने बंद किया था," म्हणाली, हळूच. मग मराठीत म्हणाली, "हे माझ्या हातचं आहे. पप्पांनीच सांगितलं होतं मातीचं मडकं पाहिजे म्हणून. हे तुमच्याकडे कसं?"

मी सांगितलं. शामलाचं नाव सांगितलं, कन्हान सांगितली, राखी सांगितली. ती खाली बसली. एकदाही मला खोटं म्हणाली नाही. एवढं तिचं मान्य करतो.

"या खोलीत आपन दोघंच आहोत," मी म्हटलं. "तुमचा बाप तुमी ठेवा. माझी बायको मले द्या. गुंडी पन नको मले, नुसती ती द्या. रुमालात द्या. कोनाले कळनार नाही."

"सकाळी कॅमेऱ्यासमोर मी हे सील केलं," ती म्हणाली. "संध्याकाळी मंत्री इथे दर्शनाला येतात. सील तुटलेलं दिसलं तर विचारतील."

"लाख काय, परत लावता येते."

बाहेर कोणीतरी तिच्या नावाने हाक मारली. तिने, "दो मिनट," म्हटलं.

"काका, गेल्या पाच दिवसांत किती लोकांनी या गुंडीपुढे डोकं ठेवलं माहीत आहे? मी स्वतः सकाळी तासभर हिच्यासमोर बसले. रडले मी. आता हे बदललं आणि उद्या तो खोलीवाला कुठे बोलला, नाहीतर तुम्हीच बोललात, तर लोक म्हणतील सगळ्या जिल्ह्यात दुसऱ्याच कोणाच्या अस्थी फिरवल्या. आणि मी मत मागायला जाणार आहे."

"न बदलता पन मी बोलूच शकतो."

"तेव्हा तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही." हे ती रागाने म्हणाली नाही. हिशेब सांगावा तसं म्हणाली. "लोकांनी ज्याला पप्पा मानलं, तेच आता पप्पा आहेत."

मी मडक्याकडे बोट केलं. "मंग हे कोन आहे, बाई?"

तिने तिकडे पाहिलं नाही. "तुम्ही कन्हानला जाणारच आहात ना? यांनाही तिथेच सोडा. प्लीज. मी हात जोडते."

"मी कन्हानले काय घेऊन जाऊ? माझी बायको तं तुमच्या टेबलावर आहे."

तिने दार उघडलं. बाहेर अंकित उभा होता. ती त्याला म्हणाली, "काकांना घरी सोडून या." मी गुंडीला हात घातला. मी तिला उचललंच होतं. छातीशी धरलं होतं. मी सासष्ट वर्षांचा आहे आणि ते चार जण होते. माझ्या हातातून गुंडी काढून घेताना कोणाचं तरी नख तिला लागून कर्र असा आवाज झाला. रितिका म्हणाली, "आराम से, आराम से." ते मला म्हणाली की गुंडीला, मला कळलं नाही. मडकं त्यांनी माझ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं.

रविवारी मी हिंगण्याला गेलो. कॉलेजच्या गेटातून त्यांनी मला आत घेतलं नाही. रस्त्यावर उभं राहून लाऊडस्पीकर ऐकला. मंत्री म्हणाले, साहेबांनी या भूमीला आपलं सर्वस्व दिलं. भैयाजी म्हणाले, आज साहेब खऱ्या अर्थाने कामगारांच्या भूमीत विसावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बँड वाजला. मला कळलं की गुंडी खाली ठेवली. कॉलेज झाल्यापासून त्या रस्त्यावरून आम्ही कधी गेलो नव्हतो. तिने दर वेळी वळसा घ्यायला लावला होता. मी तिथे उभा होतो आणि ती आत होती.

त्यानंतर मी पोलिसात गेलो. हवालदार म्हणाला, "काकाजी, राखेची चोरी कोन्या कलमात लिहू?" कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. एका पत्रकाराला मडकं दाखवलं, तर तो म्हणाला, ठसा तर कोणीही मारू शकतो, खोलीवाल्याला बोलतं करा. धर्मेंद्र आता कॉलेजात शिपाई आहे. पुतळ्याभोवतीची बाग तोच पाहतो. मला दिसला की मान खाली घालतो. एकदा मी त्याला गेटवर गाठलं. तो म्हणाला, "मी रोज एक फूल टाकून राहिलो, काकाजी. काकूच्या नावानं. कोनाले सांगत नाही."

"सांगितलं असतं तं फूल टाकावं लागलं नसतं," मी म्हटलं.

रितिका निवडून आली. प्रचारात पुतळ्यासमोर हात जोडलेला तिचा फोटो सगळीकडे लागला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा. अश्विनने विचारलं, "काका, फाडू का?" मी म्हटलं, राहू दे. फोटोत पायथा दिसतो. मला तो येता-जाता दिसायचा.

वंदना निवडणुकीच्या आधीच, प्लास्टर निघाल्यावर, येऊन गेली होती. आम्ही दोघं पुतळ्यापर्यंत गेलो, बाहेरचे लोक म्हणून, पास घेऊन. तिने पायथ्याला हात लावला आणि म्हणाली, "सिमेंट लय जाड आहे, बाबा." परत जाताना स्टेशनवर म्हणाली, "त्या मडक्याले तरी नदीत सोडून द्या. तुमच्या डोक्याचा ताप तरी जाईल." मी म्हटलं, नाही. त्याच्या मुलीने त्याला माझ्या गळ्यात बांधून टाकलं, कारण मत गुंडीला होतं, मडक्याला नव्हतं. शामलाच्या आधी मी त्याला नदी दाखवणार नाही. ती निघेल तेव्हा त्याचंही पाहू.

मडकं मी घाटावरच्या खोलीत परत टांगलं आहे. नवा खोलीवाला दर महिन्याला विचारतो, "काकाजी, हे कोनाचं जी? केव्हा नेता?" त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. पाच तालुक्यांत ती वाटली गेली, त्यातलं काही नदीत आहे, काही मातीत आहे, कुठे कुठे ते मला नक्की माहीत नाही. उरलेली गुंडीत आहे आणि गुंडी कॉलेजच्या आवारात पुतळ्याच्या पायथ्याखाली आहे. कन्हानला मी तिला अजून नेलेलं नाही.